गारा वितळल्या, आता छताची हजेरी घ्या



गारपीट झाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन फोटो हमखास असतात. एक आडव्या झालेल्या गव्हाचा नाहीतर द्राक्षबागेचा, आणि दुसरा तळहातावर गार धरलेल्या माणसाचा. छताचा फोटो आलाच तर आरपार भोक पडलेल्या पत्र्याचा येतो. भोक असेल तर नुकसान, नसेल तर देवाची कृपा, असा आपला सगळ्यांचा सरळ हिशेब.

हा हिशेब चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. गार छताला जे करते ते सगळं पहिल्या दिवशी दिसत नाही. काही दिसतं दुसऱ्याच पावसात, काही मृगात, आणि काही कुणीतरी छतावर पाय ठेवल्यावर. म्हणून गारपिटीनंतर छताची तपासणी एकदा करून भागत नाही, ती दोनदा करायला हवी. हे काम तलाठ्यावर सोडून आपण मोकळे होऊ नये. निदान आपण माजी सैनिकांनी तरी.

नोकरीत फार मोठमोठ्या छताखाली राहण्याचा योग मला आला नाही. वरच्या आसामात आम्ही बाशात राहिलो, वर नालीदार जीआय पत्रा. हिमाचलात कांगड्याकडे जुन्या बराकी होत्या, वर स्लेटची पातळ फरशी. एका मैदानी छावणीत सिमेंटच्या पत्र्यांचे लांबच लांब शेड होते. आणि आता पेन्शनीत लातूर जिल्ह्यातलं गाव, जिथे माळवदं गेली आणि त्यांच्या जागी टिनपत्रे आले. चारही ठिकाणी गारा बघितल्या. प्रत्येक छत वेगळ्या तऱ्हेने मार खातं आणि वेगळ्या तऱ्हेने तो लपवतं.

आधी गार म्हणजे काय ते थोडक्यात. उन्हाने तापलेली दमट हवा जोरात वर चढते, ढग उभाच्या उभा वाढतो. त्याच्या वरच्या भागात पाणी शून्याखाली गेलेलं असतं, पण गोठलेलं नसतं. तिथे एखादा बर्फाचा कण सापडला की हे पाणी त्याच्यावर थिजत जातं. खालून वर येणारा वारा जोवर त्या गोळ्याला पेलतो, तोवर तो वाढत राहतो. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. गार मधोमध कापून बघितली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक पांढरट, एक काचेसारखा. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत, फेब्रुवारी ते मे, हा खेळ चालतो. पावसाळ्यात ढग मोठे असूनही गारा क्वचितच, कारण तेव्हा हवा खूप उंचीपर्यंत उबदार असते आणि बर्फ खाली येईपर्यंत वितळून जातो. डोंगरात उलटं असतं. गारेला खाली यायला अंतरच कमी, त्यामुळे ती अख्खी पोचते.

छताच्या दृष्टीने महत्त्वाचा हिशेब आकाराचा आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं. पडण्याचा वेगही वाढतो, साधारण १.४ पट. वेगाचा वर्ग धरला की माराची ताकद जवळजवळ १६ पट होते. अडीच सेंटीमीटरची, म्हणजे मोठ्या बोराएवढी गार साडेसात ग्रॅमच्या आसपास भरते. पाच सेंटीमीटरची, मोठ्या लिंबाएवढी, साठ ग्रॅमच्या जवळ जाते. म्हणून ‘गारा पडल्या’ एवढं सांगून काहीच कळत नाही. केवढ्या पडल्या, ते सांगा. फोटो काढताना शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलीमीटर असतो. तळहात काही माप नव्हे. कुणाचा हात नांगराचा, कुणाचा लेखणीचा.

आणि ही गार काय करू शकते हे आपल्या देशाला दाखवून द्यायची गरज नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशात मुरादाबादच्या परिसरात गारपिटीने २४६ माणसं गेली. जागतिक हवामान संघटनेने २०१७ साली जगातली सर्वांत जीवघेणी गारपीट म्हणून हीच नोंद घेतली. डोक्यावर छत असणं ही चैनीची गोष्ट नाही, हे त्या आकड्यात आलं.

आता छतं एकेक करून घेऊ.

जीआय पत्रा. आसामात चैत्राच्या तोंडावर वादळ येतं, तिकडे त्याला बोर्दोइसिला म्हणतात. पत्र्याखाली बसलं की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. पत्रा पातळ आणि जुना असला तर गार सरळ आरपार जाते. डिसेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात दिब्रुगढ, शिवसागर, चराईदेव या भागांत घरांच्या पत्र्यांची अक्षरशः चाळण झाली होती. पण जाड पत्रा सहसा फुटत नाही, त्याला पोचे पडतात. पोचा पडला म्हणजे पत्रा गळणार असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. जस्ताचा मुलामा शाबूत असेल तर तो पोचा वीस वर्षं तसाच राहील. बघायचं असतं ते पोच्याच्या तळाशी. तिथे मुलामा तडकला असेल तर गंज तिथूनच सुरू होतो. त्याहून महत्त्वाची जागा नटबोल्टची. पत्रा वरून ठोकला जात असताना बोल्टभोवती हिसके बसतात, वॉशर चेपतो, भोक जरासं लांबट होतं. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. पावसात मात्र नेमकं तिथूनच पाणी झिरपतं.

याची तपासणी फुकटात होते. भर दुपारी दारं-खिडक्या बंद करून आत उभं राहा आणि वर बघा. जिथे सुईएवढा उजेड दिसेल तिथे आतून खूण करा. संध्याकाळी बॅटरीचा झोत पत्र्यावर आडवा टाका, समोरून नाही. सरळ उजेडात लपलेला पोचा आडव्या उजेडात सावली टाकतो. आमचे एक आसामी हवालदार खडू आडवा धरून पत्र्यावरून हलकेच फिरवायचे. सपाटीवर खडू उमटतो, खळग्यात उमटत नाही. पाच मिनिटांत पोचे मोजून व्हायचे.

स्लेट आणि कौल. कांगड्यात एक म्हातारे मिस्त्री बराकीची छतं दुरुस्त करायला यायचे. ते वर चढल्यावर आधी काही बघायचेच नाहीत. हातोडीच्या दांड्याने एकेक स्लेट हळूच वाजवत जायचे. मी विचारलं तर म्हणाले, “साहब, आँख बाद में, पहले कान.” धड स्लेट खणखणीत बोलते, तडकलेली बद्द वाजते. आपल्याकडे बाजारात मडकं घेताना आजी ज्या कारणाने ते वाजवून घ्यायची, तेच कारण. मंगलोरी कौलालाही हाच नियम लागू. केसाएवढी चीर वरून धुळीत बुजते, पण आवाज लपत नाही.

सिमेंटचा पत्रा. माझ्या मते सगळ्यांत फसवा हाच. याला पोचा पडत नाही, तो एकतर टिकतो नाहीतर तडकतो. गार जिथे बसली तिथून चांदणीसारख्या बारीक चिरा पसरतात, आणि अनेकदा त्या खालच्या बाजूला जास्त उघडलेल्या असतात. वर शेवाळ असलं तर वरून चीर दिसतच नाही. आतून मात्र पहिल्या पावसानंतर ओलसर रेघ उमटते. जुना पत्रा जितकी वर्षं उन्हात उभा, तितका ठिसूळ.

आमच्या शेजारच्या गावात एका शेडवर असेच पत्रे होते. मार्चमध्ये गारा झाल्या, दोन पत्रे फुटले. ते बदलायला गवंडी वर चढला. फुटलेल्या पत्र्यांपासून तो सांभाळूनच चालला होता. ज्या पत्र्यावर पाय ठेवला तो ‘चांगला’ होता. त्याच्यातून तो बारा फूट खाली फरशीवर आला. जीव वाचला, पण मणक्याला मार बसला. आज तो काठी घेऊन चालतो आणि घरचं बायकोच्या मजुरीवर चालतं. त्या गारपिटीच्या कागदावर नुकसान लिहिलंय, पत्रे दोन. गवंड्याचा मणका कुठल्या रकान्यात लिहायचा?

म्हणून हात जोडून सांगतो. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवूच नका, नवा असो की जुना. शिडी लावून कडेने बघा, आतून बघा, मोबाईल काठीला बांधून फोटो काढा. चढावंच लागलं तर लांब फळ्या टाकून, खालच्या अँगलवर म्हणजे नटबोल्टच्या रेघेवर वजन येईल असं, आणि कमरेला दोर बांधून. छतावर गारा पडून असतील तर वितळेपर्यंत कुणीही चढू नये. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅसबेस्टॉसचे तंतू असतात आणि ते छातीत जाणं वाईट. फुटके तुकडे हातोडीने कोरडे फोडू नका, झाडूने झाडू नका. पाणी मारून ओले करा, तोंडाला मास्क लावा आणि अख्खेच उचलून ठेवा.

स्लॅबवाल्यांनीही फार खूश होऊ नये. स्लॅबला गार सहसा काही करत नाही, पण स्लॅबवर आज काय काय असतं? प्लास्टिकची टाकी, जिन्यावरचं फायबरचं पारदर्शक शीट, सोलर. सोलरच्या पॅनलची कारखान्यात जी नेहमीची गार चाचणी होते, ती अडीच सेंटीमीटरच्या बर्फाच्या गोळीची, सेकंदाला २३ मीटर वेगाने मारलेली. लिंबाएवढ्या गारेची हमी त्यात येत नाही. वरची काच धड राहूनही आतल्या सेलला बारीक तडे जाऊ शकतात. मग वीज कमी भरते आणि आपण ढगांना दोष देतो. गारपिटीच्या आधीचं आणि नंतरचं रोजचं युनिट लिहून ठेवलं, तरच हे कळतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यात काहीच फुटलेलं नसतं. दोन उतार जिथे मिळतात त्या पन्हळीत गारा साचतात, पाइपाचं तोंड बुजतं, मागून येणारं पाणी तुंबून पत्र्याच्या जोडाखालून आत शिरतं. घर गळतं, लोक वर भोक शोधत बसतात. भोक नसतंच. अशा वेळी पन्हळ साफ करणं हीच दुरुस्ती. उगाच डांबर फासू नका.

इथे कुणी म्हणेल, सुभेदार साहेब, तुम्ही लोकांना वाटच दाखवताय. उद्या प्रत्येक जण दहा वर्षांचा गंज गारेच्या नावावर खपवेल. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर निरीक्षणातच आहे. ताज्या भोकाची कड चकाकते, जुनी कड तांबडी असते. ताज्या तुटलेल्या कौलाच्या आतला रंग स्वच्छ असतो, जुन्या तुटीत माती आणि शेवाळ बसलेलं असतं. गारेचे पोचे कसेही विखुरलेले असतात. ते सरळ ओळीत, जोडाच्या किंवा बोल्टच्या शेजारी असतील तर ते बहुतेक कुणाच्या तरी पायाचे नाहीतर हातोडीचे. गार वाऱ्याबरोबर तिरकी येते, म्हणून वाऱ्याकडच्या उतारावर मार जास्त असतो. चारही बाजूंना सारखंच नुकसान सांगितलं तर जरा थांबून बघावं. आणि आजूबाजूच्या मऊ वस्तू साक्ष देतात. केळीची पानं, खिडकीचा रंग, गाडीचं बॉनेट, पाण्याची टाकी. धुळीच्या पत्र्यावर जिथे गार बसते तिथे धूळ उडून स्वच्छ ठिपका राहतो, त्यावरून गारेचा आकारही कळतो. पण हे ठिपके दोन-चार उन्हांत आणि एका पावसात पुसले जातात. म्हणूनच पहिली तपासणी लवकर व्हायला हवी.

एकच कारण सगळ्याला चिकटवायचा मोह फक्त गावातच होतो असं नाही. उत्तराखंडात पाच हजार मीटरच्या आसपास उंचीवर रूपकुंड आहे. तिथे शेकडो माणसांचे सांगाडे पडले आहेत. कवट्यांवरच्या खुणा पाहून २००४ च्या मोहिमेतल्या अभ्यासकांनी भीषण गारपिटीचा अंदाज मांडला, आणि पुढे ‘एका गारपिटीत सगळे गेले’ ही गोष्ट रूढ झाली. २०१९ साली हाडांच्या तपासणीचा अभ्यास आला. त्यातून दिसलं की ही माणसं एका वेळची नव्हतीच. एक गट सातव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यानचा, दुसरा थेट १८०० च्या सुमाराचा. गार तिथे पडलीच नाही असं यातून ठरत नाही, पण सगळ्यांचा हिशेब एका गारपिटीवर टाकता येत नाही. छताचंही तसंच. जुनं जुन्यात लिहा, नवं नव्यात लिहा. खोटा दावा करणारा शेवटी खऱ्या नुकसानवाल्याचाच घास घेतो.

आता सरकारी बाजू. आपत्ती निधीच्या केंद्रीय निकषांत गारपीट ही आपत्ती म्हणून धरलेली आहे, ही चांगली गोष्ट. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांनुसार घराची अंशतः पडझड किमान १५ टक्के असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. या १५ टक्क्यांतच सगळी मेख आहे. पहिल्या दिवशी भोकं मोजली तर दहा पत्र्यांपैकी एक फुटला, म्हणजे १० टक्के. चिरा गेलेले तीन पत्रे मोजलेच नाहीत. कुटुंब निकषाबाहेर. जूनमध्ये तेच तीन पत्रे गळायला लागतात, तेव्हा कागद बंद झालेला असतो.

मी तलाठ्याला दोष देत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिक, धुळे, सगळीकडे दिवसामागून दिवस गारपीट चालली होती. एका माणसाकडे अनेक गावं, आणि शेताचा पंचनामा आधी होणार हे योग्यच, पोट तिथे आहे. पण म्हणूनच छताची नोंद आपली आपण ठेवली पाहिजे, आणि दुसऱ्या पाहणीची सोय नियमातच हवी. पलटणीत स्फोट झाल्यावर ज्याच्या अंगावर ओरखडाही नाही अशा जवानालाही डॉक्टर लगेच ड्युटीवर सोडत नाहीत, नजरेखाली ठेवतात. कारण आतला मार उशिरा बोलतो. जवानाला जो न्याय, तो छताला का नको?

आपल्याकडे हे सगळं नवीन नाही. घर शाकारणं म्हणजे दुसरं काय होतं? मृगाआधी कौलं उतरवायची, फुटकी काढायची, वासे बघायचे, पुन्हा लावायची. दरवर्षी छताची हजेरी व्हायची. टिनपत्रे आले, स्लॅब आले आणि शाकारणी गेली. पत्र्यावर चार दगड ठेवले की वर्षभर वर बघायचं नाही, अशी सवय लागली.

तेव्हा माझ्या मागण्या तीनच. संक्रांतीनंतर प्रत्येकाने आपल्या छताचे बाहेरून आणि आतून फोटो काढून ठेवावेत, तारखेसह. गारपीट झाल्यावर तीन दिवसांत पहिली पाहणी, गारेचा फोटो नाण्यासह. आणि ७ जूनच्या आत, एखादा जोराचा वळीव होऊन गेल्यावर, दुसरी पाहणी. पंचनाम्यात या दुसऱ्या पाहणीसाठी एक रकाना ठेवावा, एवढंच शासनाला म्हणणं.

माजी सैनिक मित्रांना वेगळं सांगतो. आपल्यापैकी कितीतरी जणांनी पोस्टवर एका फाटक्या पत्र्याखाली हिवाळे काढलेत. बंकरच्या छतातला थेंब कुठून येतो हे शोधण्यात रात्री घालवल्यात. ती नजर गावात वाया घालवू नका. गावातली शाळा आणि अंगणवाडी या दोन छतांची जबाबदारी घ्या. सरपंचाला सांगून, शिडी, बॅटरी, खडू आणि वही घेऊन जा. वर्षात दोन दुपारी लागतील. त्या छताखाली बसणाऱ्या पोरांना वर काय झालंय ते बघता येत नाही. ते आपण बघायचं.

जय हिंद.